खोगीर टाकायची वेळ

किटलीचं झाकण टण्णकन वाजलं आणि शोल्पान दचकली. तिने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. झेरे झोपलेलीच होती. एक पाय पांघरुणाबाहेर, मुठीत अर्धवट चघळलेला कुर्तचा खडा, आणि त्या वाळल्या दह्याचा आंबूस वास तिच्या गालांना. शोल्पानने पाय हळूच आत सरकवला आणि किटलीखालची आच विझवली.

दुपारचा हा एक तास तिचा एकटीचा होता. झेरे पोटात असताना, दवाखान्याच्या खाटेवर पडल्यापडल्या तिने हा अंतराळयुद्धाचा खेळ सुरू केला होता. शनीसारख्या एका ग्रहाच्या चंद्रावर वस्ती वसवली, तिला न जन्मलेल्या लेकीचं नाव दिलं, आणि पाच वर्षं ती सांभाळली. नवऱ्याला, बेकझातला, यातलं काही ठाऊक नव्हतं. लपवायचं असं काही नव्हतं, पण सांगितलं की तो तासही घराचा झाला असता.

आता ती वस्ती जायच्या बेतात होती. कुलान नावाचा कोणी खेळाडू तिला वेढा घालून बसला होता. शोल्पानने तीन टप्प्यांचं क्षेपणास्त्र रचलं होतं. पहिला टप्पा दांडगा, नुसता ढकलणारा. दुसरा लांब पल्ल्याचा. तिसरा चिमुकला पण चपळ, शेवटच्या क्षणी वळणारा. शेपटीला तिने लाल रंग दिला होता. पहिला टप्पा सुटला की दुसऱ्याचं इंजिन पेटेपर्यंत तीन सेकंद ते मुकाट तरंगत जातं, वळूच शकत नाही. कुलान नेमका त्याच तीन सेकंदांत ते उडवायचा. एकदा नाही, तीनदा.

ते तीन सेकंद कितव्या सेकंदाला सुरू होतात, हा आकडा एकाच ठिकाणी होता, पिठाच्या डब्यामागच्या तिच्या वहीत. आणि त्या स्वयंपाकघरात तिच्याशिवाय वावरणारा मोठा माणूस एकच होता.

सकाळी बेकझात तळलेल्या पिठाचे गोळे, बाउरसाक, चहात बुडवून खात होता. फोन पालथा, पेल्याशेजारी. पूर्वी तो फोन असा पालथा ठेवायचा नाही.

"काय गं, पोलिसासारखी काय बघतेस?"

"पोलिसाची भीती वाटावी असं काही केलंयस का?"

"केलंय ना. काल लोणी मीच संपवलं."

"आणखी काय काय शोधलंस त्या कपाटात?"

"आणखी काही होतं? अरेरे, मग नीट बघायला हवं होतं!" तो हसला, फोन खिशात टाकला आणि बॉयलरवरच्या पाळीला निघून गेला.

ते हसणं ती सकाळभर तपासत बसली. आकडा बदलून काय उपयोग? जो वही वाचतो तो नवा आकडाही वाचणार. आधी वाचणारा सापडायला हवा. म्हणून काल तिने वहीत एकशे अठरा खोडून ठळक एकशे चाळीस लिहिलं होतं, आणि वही मुद्दाम डब्यामागून अर्धी बाहेर ठेवली होती. खऱ्या क्षेपणास्त्राला मात्र हात लावला नव्हता. कुलानने आज एकशे चाळिसाव्या सेकंदाला मारलं, तर तो कोण हे विचारायलाच नको.

तिने सहा क्षेपणास्त्रं सोडली. सहा लाल शेपट्या अंधारात सरकू लागल्या. तोंडाने ती मोजत होती. शंभर. एकशे दहा. एकशे अठरा.

सहाच्या सहा फुटली.

वस्तीसमोर आता काहीच उरलं नव्हतं, तरी शोल्पानला हायसं वाटलं. बेकझातने वही वाचली नव्हती! आठवडाभर ती त्या बिचाऱ्याच्या हसण्याचा पंचनामा करत होती. संध्याकाळी त्याच्या आवडीचं घोड्याचं मांस शिजवायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

पण मग कुलानला कळलं कसं?

"आई, हे काय गं?" झेरे डोळे चोळत आली आणि मांडीत चढून बसली. "परत लाव ना."

शोल्पानने झालेली चढाई पुन्हा लावली. झेरे मोजू लागली. रॉकेटतळाला लागून असलेल्या या तोरेताम गावची पोरं शंभराच्या पुढे मोजायला शिकतात ती आकाशाकडे बघत. गावामागून यान उठलं की गल्ली बाहेर येते, सगळे मिळून मोजतात, आणि एकशे अठराला पहिला टप्पा सुटतो. झेरेचे आजोबा तळावर ट्रक चालवायचे. ते तेव्हा टोपी उडवून म्हणायचे, "टाकलं बघ खोगीर!" दुसऱ्या कुठल्या घरात असं म्हणत नाहीत.

शोल्पानचा हात लेकीच्या केसांत थांबला. एकशे अठरा. खेळाने तो आकडा सांगितला नव्हता. नव्वद चाललं असतं, दीडशेही चाललं असतं. तिने तो कधी ठरवलाच नव्हता. टप्पा तेव्हाच सुटतो, एवढंच तिला लहानपणापासून माहीत होतं. वही कशाला हवी? इथला कोणीही नुसता मोजत बसला, की झालं.

"...एकशे सतरा, एकशे अठरा, टाकलं खोगीर!" झेरे ओरडली आणि तिने अंगठा टेबलावर दाबला. पडद्यावर लाल शेपट्या फुटल्या.

"अंगठा कशाला दाबलास, पिल्ला?"

"पापा असाच दाबतात. झोपाळ्याजवळ बसून, फोनवर. मी मोजते, ते दाबतात. मग फुटतं."

"काय फुटतं?"

"हेच. लाल शेपटीचं." झेरेने आवाज खाली आणला. "पापा म्हणाले, आईला नाही सांगायचं."

किटली गार झाली होती. शोल्पानने लेकीला घट्ट धरलं आणि सकाळचं ते हसणं पुन्हा एकदा आठवून पाहिलं. लोणी. कपाट. पालथा फोन. वही अजून तशीच होती, डब्यामागून अर्धी बाहेर.

झेरेने मान मागे टाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, लाल शेपटीवाली तू आहेस, हे पापांना माहितीये?"