भर रस्त्यात मांडलेले शिवणकाम

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. आज माझा काळा रंग उडाला आहे आणि चाक कुरकुरते. पण एके काळी आमचे निम्मे गाव माझ्याच टाक्यांत वावरत होते.

माझ्या मालकिणीला सगळे टेलरमावशी म्हणत. आमची खोली सदाहरित जंगलाच्या अगदी तोंडाशी होती. खिडकी उघडली की ओल्या पानांचा वास आत यायचा. त्या दमट हवेत लोखंड लगेच गंजते, म्हणून मावशी मला रोज मायेने पुसायची. गावाला पाणी मिळे ते त्याच जंगलातल्या ओढ्याचे.

मग तोडलेले लाकूड वाहून नेणारे ट्रक आले. पलीकडचा डोंगर बोडका झाला, ओढा गढूळ झाला. अर्ज झाले, विनवण्या झाल्या; कुणी दाद देईना. आता ओढ्याकाठची झाडे तोडणार असे कळले, तेव्हा गावाने रस्ता अडवायचे ठरवले. पण हातावर पोट असलेली माणसे काम सोडून बसणार कशी?

"काम सोडायचं कशाला?" मावशी म्हणाली. "कामच रस्त्यावर नेऊ."

चौघींनी मला उचलून जंगलाच्या वाटेवर मधोमध ठेवले. शेजारी न्हाव्याने खुर्ची मांडली. मी शाळेचे गणवेश शिवू लागले.

पहिला ट्रक आला. तो चालवत होते मावशीचे धाकटे दीर!

"वहिनी, बाजूला व्हा. माझी नोकरी जाईल."

"भावजी, आधी खाली उतरा. बगल उसवलीय तुमची. वहिनी टेलर आणि दिराचा शर्ट फाटका! लोक मलाच नावं ठेवतील."

भावजी ओशाळून उतरले आणि नुसत्या बनियनवर बसून राहिले. मावशीने ती शिवण इतकी सावकाश घातली, की मागे ट्रकांची रांग लागली. एक ड्रायव्हर तर दाढीच करून घेऊ लागला! लाकूडतोडीचा मुकादम तेवढा घसा फोडून ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी भावजी चालत आले.

"सोडली नोकरी," एवढेच म्हणाले आणि माझ्यासाठी दोरा गुंडाळत बसले. माझ्या पायडलवरचे मावशीचे पाय थबकले.

आम्ही कितीतरी महिने रस्त्यावर काम केले. अखेर ओढ्याकाठची तोड थांबवायचा हुकूम आला. पलीकडचा डोंगर मात्र बोडकाच राहिला.

आता मावशी नाही. कपडे तयार मिळतात. माझ्यावर कुणी छत्री ठेवते, कुणी ओला टॉवेल टाकते. वाईट वाटते. पण मित्रांनो, तेलाचे दोन थेंब दिलेत तर मी पुन्हा चालू लागेन. तोडलेले जंगल शिवून देणारी मशीन मात्र अजून कुणी बनवलेली नाही. ते उभे आहे तोवरच त्याला जपा.