वळणावरच्या घराला दोन मतं

आमच्या घरात साधा पडद्याचा रंग ठरवायचा असला तरी मतदान होतं. आईच्या शिवणाच्या डब्यातली पांढरी आणि काळी बटणं घ्यायची, मूठ झाकून एकेक बटण स्टीलच्या डब्यात टाकायचं आणि निकाल मुकाट्यानं मानायचा. ही पद्धत मीच शाळेत असताना सुरू केली. बाबांचा आवाज चढला की आई लगेच माघार घ्यायची, आणि मला ते बघवायचं नाही. मूठ झाकलेली असली की निदान ओरडायचं कुणावर, हे बाबांना कळत नसे.

त्या संध्याकाळी प्रश्न होता सुट्टीत कुठल्या घरी उतरायचं हा. मी बस आगारात चालकांच्या ड्यूट्या लावते, त्यामुळे चार माणसांच्या सुट्ट्या जुळवणं म्हणजे काय डोकेदुखी असते ते मला विचारा. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात, मी वेगळी राहते, आई-बाबा इथे. मला एवढंच हवं होतं, की तीन दिवस का होईना, चौघं पुन्हा एका छपराखाली झोपावीत. ह्या एका गोष्टीसाठी मी महिनाभर सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागले होते.

मी शोधलेलं घर तळ्याकाठी होतं. ऐसपैस ओसरी, झोपाळा, खिडकीतून पाणीच पाणी. आईनं सुचवलेलं घर गावाबाहेरच्या वळणावर. दोन खोल्या, मागे भाजीचे वाफे, आणि फोटोत बघण्यासारखं काय, तर पाण्याची टाकी. पण आईचे प्रश्न संपेनात. दवाखाना चालत जाण्यासारखा आहे का, थंडीत पाणी कशावर तापवतात, दुकान रोज उघडं असतं का.

"आई, तीन दिवस जायचंय," मी म्हटलं, "संसार थाटायचा नाहीये."

भाऊ हसला. बाबा हसले नाहीत, पण ते एरवीही माझ्या विनोदांना हसत नाहीत, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

तळ्याला काळं, वळणाला पांढरं. डबा उपडा केला तर दोन काळी, दोन पांढरी. मी भावाकडे डोळे वटारून पाहिलं. आईचा लाडका, दुसरं कोण फुटणार? पण त्यानं शपथेवर सांगितलं की आपण काळं टाकलं. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, आणि कान तर नेहमीसारखेच होते. मग राहिले बाबा. बाबांनी आईच्या बाजूनं मत दिलं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

मतं सारखी पडली की मालकांना फोन करायचा, तोही स्पीकरवर, म्हणजे नंतर कुणी 'मला असं सांगितलं नव्हतं' म्हणायला नको. हाही नियम माझाच. आई म्हणाली, आत्ता नको, उद्या ती स्वतः बोलून घेईल. मी कसली ऐकतेय. तोवर वळणावरच्या घराच्या मालकाचा नंबर लावलाही होता.

मालक मोठा बोलका निघाला. "ताई, ते घर आता सुट्टीसाठी देत नाही. पुढच्या महिन्यापासून वर्षभरासाठी दिलंय. एक मावशी येतायत राहायला, एकट्याच. हॉस्पिटलात सिस्टर होत्या. त्यांचे मिस्टर घड्याळवाले, ते परवा येऊन भिंतीवरचं बंद घड्याळ चालू करून गेले."

मी फोन कसा ठेवला ते मला आठवत नाही. घड्याळं दुरुस्त करणारे बाबा समोर बसून टेबलावरचा नसलेला कण बोटानं टिपत होते.

"भांडलात का?" भावानं विचारलं. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"नाही रे," आई म्हणाली. "आधी तुमची आजी, मग वॉर्ड, मग तुम्ही दोघं, मग ह्यांचं गुडघ्याचं दुखणं. मला सुट्टी कुणी लावलीच नाही. आता मीच लावून घेतली. तुम्ही ते घर आधी हसतखेळत बघावं असं वाटत होतं, एवढंच."

सुट्ट्या लावणारी मी. मग राग आला, आणि तो मी बाबांवर काढला. तुम्ही तिला अडवलं कसं नाहीत, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"मी ओरडलो असतो तर ती थांबली असती," बाबा म्हणाले. "म्हणूनच नाही ओरडलो." मग म्हणाले, "टिकटिक असल्याशिवाय तिला झोप लागत नाही. तिथलं घड्याळ बंद होतं."

आईनं हे ऐकलं आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. घड्याळाचं त्या फोनपर्यंत तिलाही बहुतेक माहीत नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये असं काही होतं, जे मी इतकी वर्षं त्या घरात राहून पाहिलं नव्हतं, आणि त्याचा धक्का मला आई जाण्याच्या धक्क्याइतकाच बसला.

मग भावानं टेबलावरचं एक काळं बटण उचललं, शिवणाच्या डब्यात टाकलं आणि त्यातलं पांढरं काढून आईच्या पुढ्यात ठेवलं. माझं काळं तिथेच एकटं पडलं होतं. ते उचलायला माझा हात पुढे झाला नाही. तीन विरुद्ध एक. मुकाट्यानं मानायचं, हा नियम माझाच होता.