इंजिनाखालची स्प्रिंग

घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की पहिला प्रश्न कोणता येतो? "कुणी केलं हे?" अप्पांच्या घरात तर तो भिंतींनाही पाठ झाला होता.

अप्पा कारखान्यातले निवृत्त फोरमन. निवृत्तीनंतर लोक बागेत फेऱ्या मारतात, अप्पांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चक्क विमान बांधायला घेतलं! बायको पंखांचं कापड ताणून धरायची, लेक वायरी ओढायची. लेक पेशानं वैमानिक. उद्याचं पहिलं उड्डाण तीच करणार होती, आणि ते बघायला अप्पांची थोरली बहीण, आक्का, मुद्दाम आली होती.

आज दुपारी अप्पांनी इंजिनाचं खालचं झाकण काढलं, तर आत बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग पडलेली. त्यांनी इंजिनाचं पुस्तक पालथं घातलं, एकेक जागा तपासली. इंजिनाची एकही स्प्रिंग कमी नव्हती. मग ही आली कुठून? आणि ही ज्याची आहे, त्याचा उरलेला तुकडा आत कुठे अडकलाय?

"कुणाची ही?" स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून अप्पा गरजले. "मुकाट्यानं सांगा, नाहीतर खैर नाही!"

"मी आठवडाभर शेडकडे फिरकलेच नाही," बायको म्हणाली.

"मला काय माहीत?" लेकीनंही कानांवर हात ठेवले.

"वा! सगळे साव! मग काय आभाळातून पडली?"

आक्कानं चहाचा कप खाली ठेवला. तिची सारी नोकरी ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून गेलेली.

"ऐक जरा. आमच्याकडे टाके घालण्याआधी रक्त टिपायचे गॉजचे तुकडे मोजायचे. एका डॉक्टरांना नर्स बेधडक सांगायची, 'एक कमी आहे.' मग सगळे मिळून शोधायचे. दुसरे डॉक्टर अंगावर धावून यायचे. त्यांच्याकडे मोजणी कायम बरोबर भरायची."

"मग चांगलंच की!"

"अरे वेड्या, भरायची नाही, धाकानं भरवली जायची! एका बाईच्या पोटात तुकडा राहिला. गेली बिचारी. तुझ्या घरातही मोजणी कायम बरोबर भरते, बघ."

अप्पांना कारखाना आठवला. कारखान्यातही त्यांच्या हाताखाली कधी कुणाची चूक झाली नव्हती, आणि याचाच त्यांना केवढा अभिमान होता! ते खुर्चीत बसले. कुणाकडेही न बघता म्हणाले, "मागे ऑइलच्या नळीचा नट मी वाकडा आवळला होता. आटे गेले. तुम्हाला कळू न देता बदलला."

बायको बघतच राहिली. या माणसाच्या तोंडून असलं काही तिनं उभ्या संसारात ऐकलं नव्हतं!

आणि मग लेक रडायला लागली. "अप्पा, ती चिमट्याची स्प्रिंग आहे. कपडे वाळत घालायच्या चिमट्याची. वायरी एकत्र धरायला मी लावला होता, तो तुटला. स्प्रिंग आणि लाकडाची एक पट्टी सापडलीच नाही. उद्या सकाळी तुमची नजर चुकवून शोधणार होते."

"आणि नसती सापडली तर?"

तिनं डोळे पुसले. "तर तशीच उडाले असते."

अरेरे! मरणापेक्षा बापाच्या ओरडण्याची भीती मोठी?

अप्पा उठले. आवाज चढवायचा राहिला बाजूलाच, त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस. चल, शोधू."

टॉर्चच्या उजेडात पट्टी सापडली. इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्याजवळ ती अशी रुतली होती, की हवेत दांडा अडकला असता तर पुढचं बोलायलाच नको.

उड्डाण पुढं ढकललं गेलं. सगळं इंजिन पुन्हा तपासायचं ठरलं. ती स्प्रिंग मात्र अप्पांनी टाकली नाही, शेडच्या दाराला टांगली.

वाचकहो, चूक कुणाच्या हातून होत नाही? पण जिथं कबुलीला शिक्षा मिळते, तिथं चुका थांबत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. म्हणून घरात काही फुटलं, तर "कुणी केलं?" विचारण्याआधी "लागलं नाही ना?" एवढं विचारा. आपल्याही लेकरांना उद्या उडायचं आहे.