पुंजा भोयेचा थाळ

माझा भाऊ प्रफुल्ल स्कॉटलंडला थिऑलॉजीत मास्टर्स करतोय असं सांगितलं, की लोक विचारतात, म्हणजे नेमकं काय? मी म्हणते, देवाचा अभ्यास. मग पुढचा प्रश्न ठरलेला: त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? आता या लोकांना काय सांगू! पेठ तालुक्यातल्या आमच्या मूळ पाड्यातला शिकायला परदेशात गेलेला तो पहिला. आई गेली तेव्हा तो दहावीत होता. त्याचे डबे, त्याचे क्लास, त्याची रडारड सगळं मी काढलंय, नाशिकरोडच्या दवाखान्यात नर्सची डबल ड्युटी करून. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला आणि तो म्हणाला, "ताई, गुरुवारचं तिकीट काढलंय, कायमचा परत येतोय," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

दुपारचे साडेबारा झाले होते. माझे वडील सावळीराम भोये इथे नाशिकमधल्या आमच्या छोट्या चर्चचे पाळक. उपासना सुटून मंडळी घरी गेली होती, पप्पा आत आवराआवर करत होते आणि मी रेंज मिळते म्हणून चर्चच्या मागे, चिंचेखालच्या भिंतीशी उभी होते.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. "प्रबंधाचे सहा महिने राहिलेत. कोणी काही बोललं का? पोरीबिरीची भानगड आहे का?"

"थाळ वाजतोय, ताई."

"काय?"

"आजोबांचा थाळ. कपाटात ठेवलाय, वर दोन स्वेटर टाकलेत. तरी घुमतो. शेजारच्या खोलीतला केनियाचा मुलगा परवा विचारत होता, तुझ्याकडे कोण म्हातारा येऊन गुणगुणतो? मी तीन आठवडे धड झोपलो नाहीये. एक पान लिहून झालेलं नाही."

हा थाळ म्हणजे काय ते आधी सांगते. आमचे आजोबा पुंजा भोये गावात मेलेल्यांसाठी गायचे. काशाची मोठी थाळी, तिच्या मधोमध मेणाचा गोळा, मेणात उभी रोवलेली काडी. काडीवरून बोटं ओढली की थाळ घुमतो आणि त्या घुमण्यावर गाणं चालतं. पप्पा तरुणपणी ख्रिस्ती झाले, नाशिकला आले, पाळक झाले. आजोबा गेल्यावर तो थाळ आमच्या घरी आला. पप्पांनी मेण खरवडलं, राखेने घासलं आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर त्यात ठेवायला सुरुवात केली; एरवी तो घरी, त्यांच्याच खोलीत असायचा. मधला काळा डाग मात्र गेला नाही. बावीस वर्षं मंडळीने त्याच डागावरची भाकर खाल्ली. प्रफुल्ल निघाला तेव्हा पप्पांनी स्वतःच्या हाताने थाळ त्याच्या बॅगेत कोंबला. तिकडे चांगलं चर्च बघून देऊन टाक म्हणाले.

"मग फेकून दे ना समुद्रात!" मी म्हटलं.

"गेलो होतो. हात सुटेना. बाहेर बर्फ, ताई, आणि तो मधला डाग कोमट लागत होता." मग त्याने हळूच विचारलं, "आजोबांचं काम झालं होतं ना गं?"

काम म्हणजे मेल्यानंतरचं, गाण्याचं. झालं होतं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते, मला ती जीप आठवते. नाशिकला आलेले आजोबा आजारी पडले, जीपने गावी परत आणताना सावळघाटात त्यांचा जीव गेला, असं पप्पांनी सगळ्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या एका म्हाताऱ्याने रात्रभर थाळ वाजवला होता. पप्पा पाळक झालेले, ते लांब उभे राहिले. तसं मी प्रफुल्लला सांगितलंसुद्धा. पण बोलता बोलता मला दुसरंच काही आठवलं.

पप्पांचा पंखा. नाशिकची थंडी, पहाटे दात वाजतात, आणि आमचे पप्पा डिसेंबरातसुद्धा पंखा पाचावर लावून डोक्यावरून गोधडी घ्यायचे. मी किती भांडायचे! आई म्हणायची, जाऊ दे, त्यांना आवाजाशिवाय झोप येत नाही. आणि प्रफुल्ल थाळ घेऊन गेला त्या रात्रीपासून तो पंखा बंद आहे. मी आपली समजत होते, म्हाताऱ्याला आता थंडी सोसत नसेल.

फोन तसाच हातात घेऊन मी आत गेले. पप्पा टेबलावरच्या पांढऱ्या कापडाची घडी घालत होते.

"पप्पा, प्रफुल्ल शिक्षण सोडून येतोय. थाळ वाजतोय म्हणतो."

घडी विस्कटली. पण लगेच पाळकांचा आवाज लागला. "सैतान देवाचा अभ्यास करणाऱ्या पोरांना असंच छळतो. त्याला म्हणावं प्रार्थना कर."

"तुम्ही केलीत?"

"काय?"

"बावीस वर्षं पंखा कशासाठी लावत होतात, पप्पा? इथेही वाजायचा ना तो? तुम्हाला माहीत होतं आणि तरी पोराच्या बॅगेत टाकलात?"

मी आयुष्यात त्यांच्याशी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. ते मंडळीच्या बाकावर खाली बसले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि फोन घेतला. मी शेजारी बसले. पडद्यावर प्रफुल्ल दिसत होता, डोळे खोल गेलेले, मागे खिडकीबाहेर सकाळचे सात वाजूनही अंधारच.

"मेणबत्ती हाय का तिकडं?" पप्पांची गावची बोली मी कितीतरी वर्षांनी ऐकली. "मेण मऊ कर. मधल्या डागावर लाव. काडी नसंल तर पेन्सिल चालंल. बोटं ओली करून वरून खाली ओढ. सावकाश."

प्रफुल्लने तसं केलं. दोनदा नुसती किरकिर झाली, तिसऱ्यांदा आवाज लागला. फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून तो घुमला आणि बाकाच्या फळीतून माझ्या पायापर्यंत आला. आणि पप्पा गायला लागले. ज्यांनी चाळीस वर्षं फक्त ख्रिस्ताची गाणी म्हटली ते माझे पप्पा डोळे मिटून त्यांच्या बापाचं गाणं गात होते. एक शब्द अडला नाही. आधी मेलेल्याचं नाव, मग त्याच्या बापाचं, मग श्वास सुटला ती जागा. तिथून त्याला गावोगाव चालवत घरी न्यायचं. गाण्याची रीतच तशी.

"सावळघाटात श्वास सुटला..." पप्पा गायले आणि थाळ बंद पडला.

"मी वाजवतोय," प्रफुल्ल घाबरून म्हणाला. "बोटं चालू आहेत पप्पा, बघा." खरंच चालू होती.

पप्पांनी पुन्हा नावापासून सुरुवात केली. सावळघाट आला आणि आवाज पुन्हा गेला.

"पप्पा," मी म्हटलं, "आजोबांचा श्वास खरंच कुठे सुटला?"

त्यांनी मान वर केली नाही. "माझा पाळकपणाचा दीक्षाविधी होता त्या दिवशी. बाहेरदेशाचे पाहुणे आलेले. माझा बाप सकाळच्या एसटीनं आला. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, पोत्यात थाळ. माझा पोरगा मोठा माणूस होतोय, त्याच्यासाठी वाजवीन म्हणाला. पाहुण्यांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, मला नाय माहीत. येतात असे मागायला." त्यांनी नाक पुसलं. "त्यानं ऐकलं. मागं जाऊन भिंतीला टेकून बसला. मी जेवणं उरकून चारला गेलो, तर थाळ मांडीवर आणि अंग गार. गावात काय सांगणार होतो? सावळघाट सांगितला. गावानं घाटापासून पुढं वाट गायली. तो इथंच बसून राहिला."

चिंचेखालची भिंत. जिथे उभी राहून मी दर रविवारी फोनवर बोलते. मला पप्पांचा इतका राग आला, की ते माझे वडील नसते तर मी उठून गेले असते. आणि इतकं वाईट वाटलं, की उठवेना.

"म्हणा," मी म्हटलं. "खरी जागा म्हणा."

पप्पांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. चर्चच्या मागची भिंत, चिंचेचं झाड, तिथे श्वास सुटला. थाळ बंद पडला नाही. मग पेठ नाका. मग रामशेज डाव्या हाताला ठेवून आशेवाडी, उमराळे, सावळघाट, करंजाळी. पप्पांचा गळा घाटात फाटला तरी ते चालत राहिले. पडद्यावर बघते तर प्रफुल्लने दोन्ही हात वर धरले होते. बोटं कशालाच लागत नव्हती. थाळ एकटा वाजत होता.

पाड्याच्या वेशीवर शेवटची ओळ असते. गाणाऱ्याने सांगायचं असतं, तुला पोचवायला आलेला मी तुझा कोण. पप्पा तिथे अडले. ओठ हलत होते. मग त्यांनी आमच्या बोलीत बापाला हाक मारली, "बाहास!" आणि म्हणाले, "मी तुझा पोरगा. मी सावळ्या."

आवाज थांबला.

"बंद झाला," प्रफुल्ल कुजबुजला. "पप्पा, डाग गार पडलाय."

पप्पांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. "मला ओळखलं का त्यांनी? काय म्हणाले का?"

"नाही, पप्पा. नुसता बंद झाला."

प्रफुल्लने तिकीट रद्द केलं. आता तो झोपतो, लिहितो, सप्टेंबरात पदवी घेऊन येईल. मला हवं होतं ते झालं, त्यासाठी मी देवाचे आभार मानते. पण दर रविवारी उपासना सुटली की पप्पा चिंचेखाली जाऊन त्या भिंतीशी बसतात आणि मला स्कॉटलंडला फोन लावायला सांगतात. अभ्यासाचं विचारत नाहीत, तब्येतीचं विचारत नाहीत. एवढंच विचारतात, थाळ वाजला का रे? प्रफुल्ल नाही म्हणतो. पप्पा म्हणतात, बरं, कान ठेव. आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारतात.