दिवेलागणीच्या आत

सोनिवलीच्या धर्मराज म्हात्र्यांच्या घरात मुलीसाठी स्थळ बघताना पत्रिका नंतर, अंतर आधी. सकाळची भाकर खाऊन बापाने निघावं, लेकीच्या दारी जेवावं आणि दिवेलागणीच्या आत आपल्या अंगणात परतावं. त्यापलीकडे पोर द्यायची नाही, हा आजोबांचा नियम. धर्मराजांच्या दोन्ही बहिणी त्यामुळे अंबरनाथच्या पुढे गेल्या नाहीत.

आणि त्यांच्या लेकीने, श्रद्धाने शोधला कोण, तर सावंतवाडीचा श्रीपाद! त्याचं कपड्यांचं दुकान. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात जीन्स घ्यायला यायचा, आणि तिथल्याच कारखान्यात श्रद्धा ऑर्डरी बघायची. दोन वर्षांत त्याने इतक्या पँटी नेल्या, की तेवढे पाय तरी सावंतवाडीत असतील का, देव जाणे.

"सवापाचशे किलोमीटर!" धर्मराज कडाडले.

"ते रस्त्याने, बाबा. नवी मुंबईहून सावंतवाडीजवळच्या मोपाला विमानाने चारशेसुद्धा नाही. सव्वा तासाचा प्रवास. तुमचा नियम कुठे मोडतो?"

"मी सोता जाऊन बघतो. दिवे लागायच्या आत आलो तर व्हय, नाय तर नाय!"

 बापाचा शब्द फिरत नाही, हे श्रद्धाला ठाऊक होतं. आई, विठा, वाल सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं.

धर्मराज खोट काढायलाच निघाले होते. पण विमानात पट्टा नीट बसतोय तोवर उतरायची वेळ आली. सावंतवाडीत जेवण झकास झालं. दुसरा चहा मात्र श्रीपादने घेऊ दिला नाही. "काका, उठा. तुम्हाला उशीर झाला तर मी बुडालो!" सासऱ्याला घरातून हुसकावणारा हा जावई धर्मराजांना एकदम आवडून गेला.

आणि तिथेच घोळ झाला. परतीचं विमान दीड तास उशिरा होतं. "पोरीच्या लग्नाचा प्रश्न हाय, बाई!" असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला तीनदा सांगितलं. तिने तीनदा माफी मागितली, पण विमान काही हललं नाही.

न्यायला श्रद्धा गाडी घेऊन आली होती. तळोज्याला ट्रकांची रांग लागली. सूर्य तेवढा वेळेवर बुडाला. "दाब की गो!" धर्मराज ओरडत होते. श्रद्धा डोळे पुसत गाडी हाकत होती. आपणच घातलेल्या अटीत आपणच अडकतोय, याचं धर्मराजांना मनापासून वाईट वाटत होतं.

पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. आळीभर दिवे लागलेले. त्यांच्याच अंगणात अंधार होता, आणि तुळशीपाशी विठा काडेपेटी घेऊन बसली होती.

"आठ वाजाया आले. दिवा नाय लावलास?"

"घड्याळात वाजले आसतील," विठा म्हणाली. "तीस वर्सं या घरची दिवेलागण माझ्या हातची हाय. मी लावीन तवाच व्हते."

 धर्मराज लगबगीने पुढे झाले, दोन्ही पाय नीट अंगणात घेतले आणि म्हणाले, "हां, लाव आता."