झोपलेली प्रोसेस

ताईचा धाकटा भाऊ जन्मल्यापासून घाईत. म्हणून घरात त्याचं नाव पडलं वादळ. चित्रं मात्र तो गोगलगायीच्या चालीनं काढी. एका बदकाला तळं ओलांडायला लावण्यात त्याच्या कितीतरी वह्या संपल्या, पेन्सिली झिजल्या. आता त्या चित्रांचा सिनेमा, त्याचा पहिलाच, संध्याकाळी वाचनालयातल्या मुलांना दाखवायचा होता. दिवेलागणीला प्रोजेक्टरवाले काका तो न्यायला येणार होते, आणि चित्रांवर ऊन-सावली, पाण्याची थरथर चढवण्याचं काम ताईच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर अजून सुरूच होतं.

प्रोग्राम ताईनं लिहिलेला. प्रोसेस म्हणजे मशीनवर चालू असलेलं एकेक काम; त्यात एक आई-प्रोसेस होती. तिनं ऑपरेटिंग सिस्टीमला सांगून चार लेकरं जन्माला घातली, प्रत्येकाच्या हाती सिनेमाचा एकेक तुकडा दिला आणि स्वतः गप्प बसून राहिली. चौघं काम आटोपून आली की तुकडे जोडायचे, एवढंच तिचं उरलेलं काम.

ताई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि वादळाच्या हाताला खाज सुटली. त्यानं चालू कामांची यादी उघडली. चौघं लेकरं घाम गाळत होती. पाचवीच्या नावापुढे कामाच्या रकान्यात शून्य, आणि शेरा: झोपलेली. ही बया इथं काय करते, असं त्याला वाटलं. मागे एकदा प्रोग्राम अडकला तेव्हा ताईनं त्याला प्रोसेस थांबवायचे दोन सिग्नल दाखवले होते. एक सौजन्याचा: प्रोसेस तो ऐकते, हातातलं आवरते आणि जाते; मनात नसेल तर कानाडोळाही करते. दुसऱ्यापुढे कुणाचंच काही चालत नाही, फुंकर मारावी तसा दिवा विझतो. वादळानं अर्थातच दुसरा पाठवला.

ताई खाली आली तर हा छाती फुगवून बसलेला. मशीनवरचं ओझं हलकं केलं म्हणाला.

“कुणाला काढलंस?”

“एक आळशी होती ताई. नुसती झोपलेली.”

ताई रिकामी बादली मांडीवर घेऊन खुर्चीत टेकली. “झोपली नव्हती रे ती. वाट बघत होती.”

मग तिनं समजावलं, की ‘लेकरू परत येईल तेव्हाच मला हलव,’ असं सिस्टीमला सांगून आई-प्रोसेस बसते. त्या बसण्याला ताकद लागत नाही, म्हणून यादीत शून्य दिसतं. वादळाचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. बदक तळ्यात बुडालं, हेच त्याच्या मनात.

पण पडद्यावर चौघं होतीच. रंगवत होती, मान वर न करता. आई गेली म्हणून लेकरं जात नाहीत, ताई म्हणाली; मशीन सुरू होताना जी सगळ्यात पहिली उठते ती थोरली प्रोसेस अशा पोरक्यांना पदराखाली घेते. फक्त तिला बदकाचं काही ठाऊक नाही. तुकडे जोडायचे ते आता आपणच, हातानं, चौघं आल्यावर.

“तोवर त्यांची आई तू,” तिनं त्याला खुर्ची दिली. “काही करायचं नाही. जमेल?”

ज्याला उकळत्या चहापाशीही उभं राहवत नसे, तो बसला. बोटं मांडीखाली दाबून बसला. ताई येता-जाता विचारी, बाळंतीण बरी आहे ना? तो पडद्यावरची नजर काढीना. ऊन खिडकीतून भिंतीवर आणि भिंतीवरून कपाटावर गेलं. एक लेकरू आलं, मग दुसरं, मग तिसरं. चौथं रेंगाळलं. त्याच्या वाट्याला पैलतीर होता: लव्हाळी, गवताचं पातं न् पातं, पाण्यातली त्यांची उलटी रूपं.

आणि काका दारात. वाचनालयात मुलं जमली होती, सतरंज्या भरल्या होत्या. शेवट थोडा कच्चा राहिला तर पोरांना काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. ताईनं भावाकडे पाहिलं. सौजन्याचा सिग्नल पाठवला तर चौथं हातातलं चित्र पुरं करून निमूट थांबेल, तिनं सांगितलं. पुढची चित्रं मात्र नुसत्या पेन्सिलीच्या रेघांची राहतील. सिनेमा तुझा, तूच ठरव.

वादळाचा हात कळफलकाकडे गेला. तिथंच थबकला.

“येऊ दे त्याला,” तो म्हणाला. “काका, मुलांना सांगा ना, बदक अजून पाण्यात आहे.”

काका पुटपुटले, पण फोन केला. पलीकडून एवढा कालवा ऐकू आला की त्यांनाही हसू फुटलं. स्टूल ओढून तेही बसले. तिघं मिळून एका अदृश्य पोराची वाट बघत राहिली.

ते आलं तेव्हा बाहेर अंधारलं होतं. ताईनं तुकडे जोडले, नीट जुळले का ते पाहायला शेवट एकदा चालवला. लव्हाळ्यातून वाट काढत बदकानं पैलतीराच्या चिखलात पाय टेकला. वादळ उगीचच खिडकी लावायला वळला आणि बाहीनं डोळे पुसले.

ताईनं ते पाहिलं. जिभेवर आलेली थट्टा तिनं गिळली, आणि पेनड्राइव्ह काढून काकांच्या हातावर ठेवला.