किसनरावची राहिलेली धून

पहाटेच्या अर्धवट झोपेत सूर्यभानला रोज बिगूल ऐकू यायचा. तुरीच्या पल्याडून, धुक्यातून, एक सूर निघायचा, हळूहळू वर चढायचा, आणि मधेच फुस्स व्हायचा. सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसा. मग डोळे उघडायचे. उरलेली धून तिकडंच धुक्यात राहून जायची.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला भास होत असतील. भास कसले, बाप्पा! ती धून खरीच होती, आणि खरीच अर्धी राहिली होती.

किसनराव, वामनराव आणि सूर्यभान हे मूर्तिजापूरजवळच्या एकाच गावचे तिघं, एकाच पलटणीत होते. वामनराव पलटणीचा बिगूलवाला. तिघांत ठरलेलं होतं, की जो आधी जाईल त्याच्या दारात वामननं सैनिकाच्या निरोपाची धून वाजवायची. "आन् मीच आधी गेलो तं तुमी दोघं शिट्ट्या मारा," असं वामन हसून सांगायचा. मागच्या हिवाळ्यात किसनराव गेला. तोवर वामनच्या वरच्या हिरड्या पार मोकळ्या झाल्या होत्या. दारात तिरडी, सगळं गाव गोळा झालेलं, आणि वामननं बिगूल ओठाला लावला. दोनचार सूर निघाले, मग ओठांच्या आत काही टेकायलाच नाही म्हटल्यावर सगळी हवा बाजूनं निसटली. मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं. किसनरावची बायको जयवंता दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून वामननं बिगूल आपल्या झेंडूच्या वावरातल्या खोपटात टांगून टाकला. हसणारा माणूस, पण हसणंच विसरला. संध्याकाळी झेंडूच्या ओळींत बसून म्हणायचा, "किसन्या अर्ध्या वाटेत उभा हाये बे सूर्या. धून पुरी झाल्याबिगर त्याले पुढं जाता येऊन नाई राहिलं." वर्षश्राद्धाला ती पुरी करायची, नाहीतर बिगूल विहिरीत टाकायचा, हे त्यानं पक्कं केलं होतं. सूर्यभान झेंडूतलं तण उपटत ऐकायचा. त्यालाही झेंडूच्या पलीकडं बांधावर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

आता दातांचं ऐका. सूर्यभान पेन्शनीत आला, म्हणून त्याच्याजवळ माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड. वामनचा बाप एकाएकी गेला, घरी पाहणारं कोणी नव्हतं, तो पेन्शन लागायच्या आधीच नाव कटवून गावी आला. म्हणून त्याला कार्ड नाही, दातांच्या डॉक्टरची खुर्ची नाही, दात नाहीत. बर्फात एकाच खड्ड्यात दोघं थरथरत बसले होते, तेव्हा कोणी विचारलं नाही की पेन्शनवाला कोण आणि बिनपेन्शनचा कोण. आणि दात द्यायच्या वेळी एक सैनिक अन् दुसरा काय उपटसुंभ? साध्या सरकारी दवाखान्यात जा, तर दात फुकट उपटून देतील. बसवायचे म्हटलं की पुढच्या वेळी या.

सूर्यभानचेही दात गेलेच होते; कार्डावर त्याची वरची कवळी तयार झाली तेव्हा तो वामनलाही ओढत अकोल्याला घेऊन गेला. "चाल तं खरं. मी बोलतो डॉक्टरशी." एसटीच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते, आणि सूर्यभानला डुलकीत वाटलं, पुन्हा बर्फच पडतोय. शेजारी वामन होता, त्याच्या पलीकडं किसनराव, तिघं एका बाकावर.

दवाखान्यातल्या खिडकीपाशी रूपाली नावाची मुलगी बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, कार्ड नसलं तर मला दातांच्या मापासाठी यांचं नाव लिहिता येत नाही. काय करू?"

"मॅडम, गोळी येताना कार्ड पाहून नव्हती येत!" सूर्यभान कडाडला. बाकांवरची सगळी म्हातारी डोकी वळली. कोणी म्हणालं, माह्या भावाचंही असंच झालं. कोणी नुसतंच हुं केलं. रूपालीनं मान खाली घातली. त्या पोरीचा तरी काय दोष? वामननंच त्याच्या बाहीला धरलं. "राहू दे ना बे. तुह्ये घाल, चाल घरी."

परतीच्या एसटीत सूर्यभानच्या तोंडात नवेकोरे दात होते आणि त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. वामन खिडकीला डोकं टेकून झोपला होता. झोपेत त्याचे ओठ हलत होते. तीच धून. सूर्यभानला ते बघवेना. त्यानं दात काढले, रुमालानं पुसले आणि वामनला कोपरानं ढोसलं. "घे. घाल."

"येडा झाला काय?"

"पलटणीत चहाचा मग एक होता आपला, कांबळं एक होतं. मोजेही एकच घातले. घाल मुकाट्यानं."

वामननं घातले. ते तोंडात खुळखुळ्यासारखे वाजले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि मग असे हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. वामन वर्षभरानं हसला होता.

उपाय काढला तो सूर्यभानच्या बायकोनं, दुर्गाबाईनं. आधी तिनं कपाळावर हात मारला. "दुसऱ्याचे दात! बुढ्ढेहो, लाजा कशा नाई वाटत तुमाले!" मग स्वतःच लाडवांसाठी आणलेला बाभळीचा डिंक काढला, कुटला, भिजवला आणि घट्ट चिकट लगदा करून वाटी पुढं सरकवली.

वर्षश्राद्धाच्या सकाळी झेंडूला लागूनच्या किसनरावच्या वावरात माणसं जमली. ऊन कोवळं होतं, तुरीवर दव होतं. वामननं हिरडीला डिंक थापला, दात बसवले, डिंक धरेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरले. मग बिगूल उचलला.

सूर निघाला. हळूहळू वर चढला. गेल्या वेळी जिथं फुस्स झाला होता तिथं आला. सूर हलला, कापला, आणि पुढं गेला! तुरीवरून, बांधावरून, पार नाल्याकडं. सूर्यभानला दिसलं, बांधावर उभा असलेला माणूस टोपी नीट करतोय. त्यानं मागं पाहिलंच नाही. शेवटचा लांब सूर संपेपर्यंत तो चालत राहिला, आणि मग तिथं नुसतं ऊन होतं. सूर्यभान हमसून हमसून रडला, लाजला नाही.

"गेले," जयवंता हळूच म्हणाली. "आता गेले."

पंगत बसली तरी वामनच्या तोंडातला डिंक काही सुटेना. संध्याकाळी कोमट पाण्यानं सुटला, तर सूर्यभान दात घ्यायला तयार नाही. तो वरणात पोळी कुस्करून खाऊ लागला आणि वामनचा बिगूल आता रोज संध्याकाळी झेंडूत वाजू लागला. पहाटे सूर्यभानला गाढ झोप लागू लागली.

पुढं तपासणीला बोलावलं तेव्हा सूर्यभान एकटाच अकोल्याला गेला. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि ते चमकलेच. "आजोबा, दात कुठं आहेत?"

सूर्यभान खुर्चीवरून उठला, टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"ड्यूटीवर हायेत, साहेब."

"म्हणजे? हरवले का? हे बघा, या कार्डावर इतक्यात दुसरे मिळायचे नाहीत."

"नका देऊ," सूर्यभान बोळक्या तोंडानं म्हणाला. "एकाच खड्ड्यातले दोघं आमी. त्याच्याजवळ आता दात हायेत, माह्याजवळ कार्ड हाये. तुमाले नाई जमलं ते आमीच करून घेतलं."